सात नंबरचा आवाज

गोल्फची काठी चपलेसारखी मापाने घ्यावी लागते, हे रामनगरातल्या नातेवाइकांना पटवून द्यायचं किरणने कधीच सोडून दिलं होतं. बेळगावात त्याचं छोटं दुकान होतं आणि पंधरा वर्षं तो एकच काम करत आला होता. खेळणाऱ्याचे दहा-वीस फटके बघायचे, चेंडू काठीच्या पात्याला कुठे लागतो ते तपासायचं, आवाज ऐकायचा, आणि सांगायचं, ही घ्या, ती नको. आवाजावर त्याची भिस्त मोठी. चेंडू पात्याच्या मधोमध लागला की ओल्या शेंगेचं टरफल मोडल्यासारखा मऊ, भरीव आवाज होतो. बोटभर इकडे-तिकडे लागला तर भांड्याला डाव आपटल्यासारखा. पाठ करून उभं राहूनही किरण सांगायचा की चेंडू कुठे लागला, आणि तो सहसा चुकत नसे.

चुकला होता तो एकदाच, रेश्माच्या बाबतीत.

रेश्मा त्याच्याच गावची. तिचा बाप विठ्ठल बेळगावच्या एका मैदानावर गवत कापायच्या कामाला होता. त्याच्या मागे हिंडता हिंडता पोरीने काठी धरली, आणि बावीस वर्षांची होईतो राज्याच्या संघनिवडीपर्यंत पोचली. गेल्या वर्षी तिची जागा एका फटक्याने गेली. सात नंबरच्या आयर्नने मारलेला चेंडू तळ्याच्या काठावर पडला आणि घरंगळत पाण्यात गेला. ती लोखंडी काठी किरणने निवडून दिली होती आणि ती तिच्या मापाची नव्हती. विठ्ठल त्याला एका शब्दानेही बोलला नाही. किरणला तेच सलत होतं.

यंदा निवड सोमवारी होती. आदल्या बुधवारी किरणने गाडीत दोन नवे संच टाकले आणि रेश्माला घेऊन तो जोयड्याकडे निघाला.

"बेळगावात मैदान काय कमी हाय व्हय अण्णा?" तिने विचारलं.

"तिथं चटईवरनं मारायचं. चटई खोटं बोलती. काठी जमिनीत कशी शिरती ते मातीच सांगती."

माती त्याला ठाऊक होती. एप्रिलमध्ये सुप्याच्या धरणाचं पाणी ओसरतं आणि काठाला लांबच लांब सपाट जमीन उघडी पडते. तिच्यावर कोवळं गवत येतं, आसपासची गुरं ते चरून चरून बोटभर ठेवतात. कुणी यंत्राने राखावं इतकं ते एकसारखं असतं. पुढे पाणी, पाण्यापलीकडे किलोमीटरभर अंतरावर जंगलाची निळी रेघ. दोघं पोचली तेव्हा सकाळचे सात वाजले होते. चिखल सुकल्याचा उग्र वास येत होता आणि वरून दोन धनेश पंखांचा घरघराट करत गेले.

जवळच झिलूचं शेत होतं. साठीचा हा कुणबी गुरं घेऊन गवतावर बसला होता. किरणने त्याला विचारूनच सामान मांडलं.

"मारा की," झिलू म्हणाला. "गुरांस्नी तेवढं लावू नका."

निवड सोपी होती, निदान किरणच्या मते. पहिल्या संचातल्या काठ्यांच्या डोक्यांना, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या टोकांना, मागून खळगा होता. वजन कडेला पसरलेलं, त्यामुळे फटका थोडा चुकला तरी चेंडू फार भरकटत नाही. दुसऱ्या संचाची डोकी पातळ, मागून सपाट, सगळं वजन मध्यावर. ती मधोमध लागली तर तिच्यासारखी काठी नाही. जरा हुकली की माफी नाही. रेश्मा अजून चढतीला होती, थकली की तिचा चेंडू पात्याच्या दांड्याकडच्या बाजूला लागायचा. तिला खळग्याची काठीच बरी, हे किरणने घरूनच ठरवून आणलं होतं. आज फक्त तिची खात्री पटवायची होती.

त्याने पात्यावर पांढरी भुकटी फवारली. चेंडू लागला की तिच्यात गोल ठसा उमटतो, मग वाद राहत नाही. खळग्याच्या सात नंबरने रेश्माने वीस चेंडू मारले. दीडशे यार्डांवर खुणेला रोवलेल्या काठीभोवती ते खळ्यातल्या दाण्यांसारखे पडले. चार-पाच ठसे दांड्याकडे सरकले होते, पण चेंडू फारसे हलले नव्हते.

"बघ," किरण म्हणाला. "माफ करती ही."

"व्हय. पर हातात काय बोलत न्हाई ही," रेश्मा म्हणाली. "दुसरी दे बघू."

पातळ सात नंबरचा पहिला फटका दांड्याकडेच लागला. आवाज करकरीत झाला. किरण मान हलवणार, एवढ्यात समोरून दुसरा आवाज आला.

मऊ, भरीव. मधोमध लागल्याचा.

"घुमला," रेश्मा म्हणाली.

प्रतिध्वनी मूळ आवाजासारखाच असतो, हे त्याला माहीत होतं. करकरीत आवाज मऊ होऊन परत येत नाही.

रेश्माने दुसरा मारला, मग तिसरा, असं करत दहा मारले. दर वेळी तिचा आवाज वेगळा, आणि समोरचा तोच, तसाच नेमका. खळग्याची काठी परत घेऊन दोन मारले, तेव्हा समोर काहीच झालं नाही. पातळ काठी घेतली की उत्तर यायचं.

झिलू उठून जवळ आला. "तुम्ही दोघंच न्हवं आलासा?" त्याने विचारलं.

"दोघंच."

"मग पलीकडं कोण मारतंय?"

"आवाज फिरून येतोय मामा. डोंगरावर आपटून."

"हितं आवाज फिरत न्हाई. मी जलमभर गुरांस्नी हाळ्या घालतोय." झिलूने पाण्याकडे बघितलं. "पयल्यांदाच ऐकतोय."

किरणने सहज विचारावं तसं विचारलं, "खाली गाव होतं काय हितं? बुडालेलं?"

"न्हाई. गाव तिकडं सुप्याला. हितं रान हुतं निस्तं. हितं कोण कधी ऱ्हायलंच न्हाई."

एवढं सांगून त्याने गुरं उठवली. गवत अजून बरंच होतं, पण गुरंही न हाकता चालू लागली, आणि झिलूने मागे वळून बघितलं नाही.

किरण हिशेबी माणूस होता. रेश्माचे फटके टिपायला त्याने तिकाटण्यावर मोबाईल लावला होता. त्याने पातळ काठीच्या पहिल्या फटक्याचं चित्रण काढून दोन आवाजांमधला वेळ मोजला. दोन सेकंद भरले. आवाज सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या आसपास जातो, म्हणजे जाऊन-येऊन सातशे मीटर, तेव्हा साडेतीनशे मीटरवर काहीतरी आपटण्याजोगं हवं. त्याने डोळे बारीक करून बघितलं. साडेतीनशे मीटरवर सपाट पाणी होतं.

मग त्याने सहावा फटका मोजला. दीड सेकंद. दहावा मोजला. एक.

जे काही होतं, ते पाणी सोडून गवतावर आलं होतं.

"रेश्मा, थांब जरा."

"का? लागाय लागलंय की आता."

ती खरं बोलत होती. किरणने पातं उलटं करून बघितलं. ठसे दांड्याकडून मध्याकडे सरकत आले होते, एकामागून एक, पायऱ्या चढाव्यात तसे. चेंडू पहिल्यापेक्षा दहा यार्ड पुढे पडत होते, आणि एका चादरीत मावतील इतके जवळजवळ. पंधरा वर्षांत इतक्या कमी वेळात इतकी सुधारणा त्याने कुणाची बघितली नव्हती. ऊन चढलं होतं. वारा पडला होता. कुठे पाखरू बोलत नव्हतं.

"तुला भ्या वाटत न्हाई?" त्याने विचारलं.

रेश्माने घाम पुसला. "कशाचं? कोणतरी मला दाखवतंय, असं मार म्हणून. एवढ्या वर्षांत असं कुणी दाखवलंच न्हाई." मग जरा थांबून म्हणाली, "तू सांगतोस अण्णा. दाखवत न्हाईस."

किरणला गेल्या वर्षीचं तळं आठवलं. त्याने बाजूला होऊन तिला जागा दिली.

पुढचा फटका. अर्धा सेकंद.

गवतावर काही नव्हतं. उन्हात गवताचं पातंसुद्धा हलत नव्हतं.

पुढचा. पाव.

किरणने पाय रोवले. पळून जायचं त्याच्या मनात आलं नाही, याचं त्याला नंतर नवल वाटलं. त्याला तो आवाज जवळून ऐकायचा होता.

पुढच्या फटक्याला दोन आवाज झाले नाहीत. एकच झाला. इतका स्वच्छ आवाज त्याने आयुष्यात ऐकला नव्हता. चेंडू वर गेला आणि खूप वेळ वरच राहिला.

रेश्माने आणखी एक चेंडू पुढे ओढला. काठी मागे नेली, खांद्याच्या वर.

आवाज झाला.

काठी अजून वरच होती.

तिने हात थांबवला नाही. काठी खाली आली, चेंडू निघून गेला, आणि त्या खेपेला काठीचा आवाज झालाच नाही.

मग रेश्माने वाकून पात्यावरची भुकटी किरणला दाखवली. ठसा मधोमध होता.

"हाच संच," ती म्हणाली.

किरणकडे नकार द्यायला कारण नव्हतं. आकडे होते, ठसे होते, चेंडू होते, सगळं एकाच बाजूने बोलत होतं. त्याने मान डोलावली आणि सामान आवरायला घेतलं. रामनगरात चहाला थांबली तेव्हा रेश्मा एवढंच म्हणाली, "बाबांना सांगू नको."

सोमवारी ती चार फटक्यांच्या फरकाने निवडली गेली. ज्यांनी बघितलं ते सांगत होते, पोरगी एकदाही विचारात पडली नाही. जणू प्रत्येक फटका आधी मारून झालेला होता. विठ्ठल स्वतः बेळगावी मिठाईचा, कुंद्याचा डबा घेऊन किरणच्या दुकानात आला आणि त्याचा हात धरून खूप वेळ बसला. किरणच्या छातीवरचा दगड उतरला. त्याने दुकानाबाहेर नवी पाटी लावली.

जूनमध्ये रेश्माने मुठी बदलायला संच पाठवला. पावसाने हात घसरतात, असा निरोप होता. किरणने काठ्या एकेक करून दिव्याखाली धरल्या. पात्यांवर चेंडूंचे करडे डाग होते, आणि ते सगळे दांड्याकडच्या बाजूला होते. पुन्हा पुन्हा पुसून बघितलं तरी मध्यावर एकही नव्हता.

मध्यावर वेगळंच काही होतं. रुपयाएवढी जागा झिजून खाली गेली होती, वरचा चकाकता थर उडून आतलं लोखंड काळवंडलं होतं. अशी झीज त्याने दोन-तीनदाच बघितली होती, वीस-पंचवीस वर्षं रोज शेकडो चेंडू मारलेल्या म्हाताऱ्या खेळाडूंच्या काठ्यांवर. हा संच दोन महिन्यांचा होता. पाच नंबरवर ती होती, सहावर होती, नऊवर होती. सातवर सगळ्यात खोल.

राहिली चार नंबर. ती रेश्मा खेळतच नसे. कारखान्याचं प्लास्टिक तिच्या डोक्यावर अजून तसंच घट्ट होतं, चिकटपट्टीसकट.

किरणने नखाने पट्टी सोडवली, प्लास्टिक खाली ओढलं, आणि अंगठा पात्याच्या मधोमध टेकवला. अंगठा खोलगट जागेत अलगद बसला.