एकोणीस तासांचं अंतर

विमानतळावरून घरी येताना धाकटीने टॅक्सीत एकच वाक्य पुन्हा पुन्हा घोळवलं. "तिकीटच मिळालं नाही रे दादा." शेवटी तिला स्वतःचाच आवाज ऐकवेना.

तिकीट मिळत होतं. दादाचा फोन आला तेव्हा समोरच्या पडद्यावर रिकाम्या जागा दिसत होत्या. "आई तुझंच नाव घेतेय, आजच निघ," तो म्हणाला होता. पण धाकटी आर्किटेक्ट. तिने बांधलेल्या ग्रंथालयाचं दुसऱ्या दिवशी उद्घाटन होतं. "दोन विमानं बदलायची, एकोणीस तास लागतात. मी काय हाकेच्या अंतरावर आहे?" असं तोडून बोलून तिने वेळ मारून नेली. उद्घाटनाच्या टाळ्या थांबायच्या आतच आई गेल्याचा निरोप आला. मग ते एकोणीस तास. पुढच्या सीटच्या पाठीवर, नकाशावरून मुंगीच्या पावलांनी सरकणारं विमान पाहत ती आली होती.

जिन्यात तळमजल्यावरच्या शिक्षिकाबाई भेटल्या. "अगं, खाली कशाला आलीस? जरा पड जा. किती जागलीस!"

बाईंचा काहीतरी घोटाळा झालाय, असं मनाशी म्हणून ती वर गेली.

दार वहिनीने उघडलं. "ही बॅग कुणाची, वन्सं?" एवढं विचारून तिने धाकटीला मिठीच मारली. "तुमच्या हातचं पाणी पिऊन गेल्या हो त्या. तुम्ही होतात म्हणून."

दादा पुढे आला. डोळे सुजलेले. "मी फोनवर नाही नाही ते बोललो तुला. आणि तू? फोन ठेवतो न ठेवतो तोच दारात उभी! वाटेतूनच बोलत होतीस ना? माफ कर गं."

खरं सांगायची हीच वेळ होती. सगळं तोंडाशी आलं होतं.

"असू दे रे," ती म्हणाली.

दादाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरीही तिने मान वर केली नाही, तो हातही दूर केला नाही.

आतल्या खोलीच्या दाराशी बाबा खुर्ची टाकून बसले होते. तिला पाहून ते अदबीने उठले.

"आपण कोण?"

"बाबा, मी..."

"हळू बोला. लेक झोपलीय माझी. आईच्या उशाशी बसून होती पोर."

"मनावर घेऊ नका, धक्का बसलाय त्यांना," वहिनी कुजबुजली आणि पाणी आणायला गेली. दादा तिच्यामागे गेला.

दार किलकिलं होतं. आत दुपारच्या उन्हाला पडदे ओढलेले. पलंग करकरला. कुणीतरी कूस बदलली.

"बाबा, खरी तर मी..."

पुढचं कुठल्या तोंडाने बोलणार?

आतून झोपेने जडावलेला आवाज आला. तिचाच.

"कोण आलंय, बाबा?"

बाबांनी धाकटीला एकदा नीट, नखशिखान्त पाहिलं.

"कुणी नाही गं," ते म्हणाले. "झोप तू."

आणि आवाज होऊ न देता त्यांनी दार ओढून घेतलं.