बसायची जागा

बसवंतराव बर्म्याच्या लढाईहून झरीला आला, तवा मी पाट मांडला, ताट वाढलं. गडी बसंचना. उभ्यानंच जेवला. म्हणलं, फौजेची सवय असंल. माझा धाकटा भाऊ, पहिल्यापासून हट्टी.

पण झोपायचाबी उभ्यानंच, भिंतीला टेकून. पाय सुजून खांबावानी झाले. धरून बसवाया गेलं की किंचाळायचा. मी भुताखेताला मानणारी बाई न्हाई. मला भ्या होतं ते पागलखान्याचं. तिथं साखळीत घातलेला माणूस घरी आलेला आमी कवा ऐकलाच न्हाई.

परभणीचे डॉक्टरसाब टांग्यातून आले. लय भला माणूस. बसवंताशी हळू बोलले, पाय दाबून बघितले.

"फौजेनं मांडीतली गोळी काढली, मनाचं कुणी विचारलंच नाही," ते म्हणले. "गौराबाई, त्याला रागावू नका. बोलू द्या. मागेल ते द्या. पुढच्या बाजारापर्यंत बसला नाही, तर मात्र मला वर कळवावंच लागेल."

वर म्हंजे पागलखान्यालाच. ते गेल्यावर मी इचारलं, "काय पायजे रे तुला?"

"अक्का, मी कसा बसू? सिद्रामप्पा उभा हाय."

सिद्रामप्पा ताडकळसचा, त्याच्याच पलटणीतला. तिकडंच जंगलात मेला, माती मिळाली न्हाई. आमा लिंगायतांत मेलेल्याला बसवून माती देत्यात.

"कुठं उभा हाय?"

"तुझ्यामागं."

मी मागं बघितलं न्हाई. डोक्यावरचा पदर तेवढा नीट केला.

"त्याला बसायला जागा दे, अक्का."

मागंल ते द्या, डॉक्टरसाब म्हणले होते. दिली. भर दुपारी शेजारच्या सटवाजीकडून परसात खड्डा खणवला. आत भस्म टाकलं, बेल टाकला. रिकाम्या खड्ड्याला! बघाया जमलेल्या गल्लीतल्या बाया पदराआड हसायलाल्या.

बसवंता काठावर उभा राहून बघत होता.

"बसला," म्हणला.

आन् माझा भाऊ धपकन खाली बसला. मांडी घालून. मी त्याला पोटाशी धरून रडले. आता कुणाची साखळी न्हाई.

सटवाजीनं माती लोटली. खड्डा काठोकाठ भरला.

"अक्का, माती उरली की."

"पाणी मार. तुडव."

पाणी मारलं, तुडवलं, परत टाकली. बाया मागं सरल्या.

माती जाईना. ढीग तसाच उरला, मांडी घातलेल्या माणसाएवढा.