ओल्या कापडाला हात लावू नकोस

गाडी भरून झाली आहे, पहाटे निघायचंय. बसलाच आहात तर सांगते, पण मध्येच 'भास झाला असेल' म्हणायचं नाही. तो शब्द ऐकून ऐकून माझे कान किटलेत.

तंबू आमचा जुना. जाड सुती कॅनव्हास, त्याला लोखंडी नळ्यांचा सांगाडा, सगळा एका लांब पिशवीत. पिशवीच्या दोन्ही टोकांना पट्टे, कारण ती एकट्या माणसाच्याने उचलवतच नाही. एक टोक मी धरायचे, दुसरं नवरा. गेल्या सुट्टीत तळ्याकाठी हाच तंबू लावला होता. संध्याकाळी मी चहाचं आधण ठेवलं आणि नवरा एकदम उठला.

"पाण्यात कुणाचं तरी पोर ओरडतंय," म्हणाला.

"अरे थांब, बघू तरी दे," मी म्हणाले. तोवर तो चपला काढून धावत सुटला होता. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो सापडला, पाण्यावर तरंगताना. पोर सापडलं नाही. आसपास कुणाचं हरवलंही नव्हतं.

मग काय, लोकांना विषयच मिळाला. प्यायला असेल, डोक्यावर परिणाम झाला असेल, संसाराला विटला असेल. शाळेत माझ्या लेकीला, चिमणीला, कुणीतरी 'वेड्याची पोरगी' म्हटलं. त्या रात्री ती जेवली नाही आणि मी ठरवलं. याच सुट्टीत, याच तंबूत, त्याच जागी. तिला तिथे उभं करून सांगायचं, तुझा बाप वेडा नव्हता. कशाच्या जोरावर सांगणार होते ते मलाही ठाऊक नव्हतं.

तंबू वर्षभर माळ्यावर पडून होता. मागच्या अंगणात उभा केला तेव्हा बुरशीचा असा भपकारा आला की चिमणीने नाक धरलं. दोघींनी मिळून ब्रशने बुरशी झाडली, शिवणींवर मेण घासलं. मग राहिलं पाणी मारणं. जुना कॅनव्हास वापरण्याआधी एकदा चिंब करावा लागतो. सूत फुगतं, बारीक भोकं बुजतात. फक्त एक पथ्य. ओल्या कापडाला आतून हात लावायचा नाही. लावला, की नेमकं तिथूनच पाणी आत येतं. चिमणी लहानपणी हटकून लावायची आणि बापाची बोलणी खायची.

भर दुपार होती. चिमणी बाहेरून पाइपने पाणी मारत होती, मी आत उभी राहून गळतंय का बघत होते. आत हिरवट अंधार, छतावर पाण्याचा एकसारखा आवाज. कुठे थेंब नाही. मला बरं वाटलं.

मग मागच्या भिंतीवर, माझ्या डोक्याच्या उंचीला, कापड काळं पडायला लागलं. आधी तळवा, मग एकेक बोट. पाणी झिरपून ओघळू लागलं. मी हाताची घडी घालून उभी होते हो... आणि आत दुसरं कोणी नव्हतं.

ठशाला करंगळी नव्हती. माझ्या नवऱ्याची उजवी करंगळी कारखान्यात गेली होती.

"आई, गळतंय का गं?" चिमणीने बाहेरून विचारलं.

भीती वाटली असं म्हणणार नाही. रडू आलं. वाटलं, आला. मी चिमणीला आत बोलावलं. तिने बघितलं आणि हळूच म्हणाली, "बाबाच ओरडायचे ना... हात लावू नकोस म्हणून?"

"हो गं."

"मग त्यांनी का लावला?"

मी काही म्हणणार, तोच ती खाली बघायला लागली. मोठ्या ठशाच्या खाली, माझ्या कमरेच्याही खाली, कापड पुन्हा काळं पडत होतं. इवलासा तळवा. पाचही बोटं. त्यातून ओघळलेलं पाणी मी बोटावर घेऊन हुंगलं. आमच्या नळाच्या पाण्याला शेवाळाचा वास येत नाही.

"आई," चिमणी म्हणाली, "म्हणजे पोर खरंच होतं."

संध्याकाळी माझी नणंद आली. तोवर सगळा तंबू सुकला होता, मोठा ठसाही सुकून पुसट डाग उरला होता. लहान ठसा तेवढा ओलाच होता. नणंद भावाच्या हाताच्या डागाजवळ गेली.

"वहिनी, तळवा असा समोर धरलाय... थांब म्हणतोय तो तुला. जाऊ नकोस."

"मीही त्याला थांब म्हटलं होतं," मी म्हणाले. "ऐकलं त्याने?"

"पण आता कशाला? चिमणीला कळलं ना, बाप वेडा नव्हता?"

"ते पोर अजून तिथेच आहे. त्याच्यापायी माझा माणूस गेला. ते कुणाचं आहे, एवढं बघून आल्याशिवाय मी काही गप्प बसणार नाही."

चिमणीला मात्र तिच्याबरोबर पाठवलं. रडली, पण पाठवलं. मी हट्टी आहे, बिनडोक नाही.

दोघी गेल्यावर मी तंबू उतरवून पिशवीत भरला. आत्ता, तुम्ही यायच्या जरा आधी, ती गाडीपर्यंत फरफटत न्यायची म्हणून एका टोकाचा पट्टा धरला आणि ओढली. दुसरं टोक फरशीवर घासायला हवं होतं. घासलं नाही. पिशवी हलकी लागली, पूर्वी दोघं मिळून उचलायचो तशी. माझा ऊर केवढा भरून आला म्हणून सांगू. मी मागे वळून बघितलं.

अंगणात कोणी नव्हतं. पिशवी माझ्या हातातून तिरकी खाली उतरत गेली होती, आणि तिचं दुसरं टोक जमिनीपासून जरासंच वर होतं. एखाद्या लहान पोराच्या हाताला येईल, तेवढंच.