न विरलेला पंजा

कोणी म्हणून कोणी थोरलीवर विश्वास ठेवला नाही. फिल्मवर हाताचा पंजा उमटलाय म्हणाली, तर चाचणी घेणाऱ्या मॅडमनी तिला डोळे तपासून घ्यायला सांगितलं.

कारखान्यात ती झाडलोट करायची. तिथे आपोआप स्वच्छ होणारी प्लास्टिकची फिल्म बनवत होते. पिठाहून बारीक पांढरी पूड तिच्यात मिसळलेली. निळ्या दिव्याखाली ठेवली की ती डाग खाऊन टाकायची. चाचणी साधी. तेलकट पंजा उमटवायचा, दिवा लावायचा, जेवणाच्या सुट्टीपर्यंत फिल्म कोरी.

एक पंजा मात्र विरेना. तो कोणी उमटवलेलाच नव्हता. करंगळी वाकडी. महिन्यापूर्वी पूडघरात गुदमरून मेलेल्या तिच्या धाकट्या बहिणीची होती, अगदी तशी.

थोरलीने पुसला. पुन्हा आला. भर दुपारी, ओल्या राखेसारखा वास घेऊन.

“धाकटीच्या दुःखाने तुला भलतंसलतं दिसतंय,” मुकादम म्हणाला. मुकादम म्हणजे या बहिणींचा सख्खा भाऊ, दादा. दोघींना त्यानेच कामाला लावलं होतं. धाकटी आपणहून आत गेली, दार उघडंच होतं, हा जबाबही त्यानेच दिलेला.

“काही नाही ना तिथं? मग ठेव की हात. मोठा वाघ ना तू!” थोरली म्हणाली.

चारचौघांत माघार कशी घेणार? त्याने तेलकट पंजा फिल्मवर दाबला. दिवा लागला. दिव्याची गुणगुण तेवढी ऐकू येत होती... धाकटीचा पंजा हळूहळू विरला. दादाचा राहिला. आणि फिल्मवरच्या त्या ठशाच्या तळव्यावर एक आडवा काळा वळ चढत गेला, दाराच्या कडीएवढा जाड. या खेपेला मॅडमनाही दिसला.

“दादा... कडी बाहेरून घातलीस?”

त्याने हात पाठीमागे लपवला. “पूड बाहेर उडत होती गं... अख्खा माल नासला असता... म्हटलं, दोनच मिनिटं...”

“आतून ठोकत होती?”

ज्याचं बोट धरून दोघी चालायला शिकल्या, त्याने मान खाली घातली.

त्याला पकडून नेलं. ती फिल्म जाळली. तरी अजून प्रत्येक नव्या फिल्मवर, कोणी हात न लावता, तो वळ उमटतोच. परवा मॅडमनी कुजबुजत विचारलं, “कोण करतंय गं हे?”

“करतंय कोण ते मला ठाऊक नाही,” थोरली म्हणाली. “केलं कोणी ते विचारा. आमच्या दादाने.”