जास्तीचा गारवा

सिग्नल लाल झाला आणि ओतिलियानं स्टिअरिंगवर हात आपटला. अमेरिकेच्या वाळवंटातल्या टूसॉन शहराचा जून महिना, भर दुपार. तिच्या जुन्या, लांबलचक स्टेशन वॅगनच्या मागच्या भागात तीन मजली केक, आणि एसीच्या जाळीतून येणारा वारा भट्टीतल्यासारखा. आरशात पाहिलं, तर क्रीमचं एक गुलाबी फूल हळूच घसरत खालच्या मजल्यावर येऊन बसलं होतं.

शेजारी एक ट्रक उभा होता. खिडकीत कोपर टेकवून एक तरुण सरळ तिच्याकडे बघत होता.

"बाई, तुमचा केक कलतोय."

"मला डोळे आहेत."

"ते दिसतंच आहे. छान आहेत... पण एसी मेलाय तुमचा."

चूक त्याची नव्हती, पण तळपायाची आग मस्तकात गेली ती गेलीच. तुम्हाला कुणी विचारलं का, असं तिनं ठणकावलं. त्यावर त्यानं न विचारताच आपलं नाव एफ्रेन असल्याचं सांगितलं, रेल्वे फाटकाअलीकडे मामाचं गॅरेज आहे आणि जुन्या गाड्यांचे एसी मीच बघतो, हेही सांगितलं. सिग्नल सुटला. ती काच वर करून निघाली, आणि हॉलवर पोचेपर्यंत केकचा वरचा मजला खालच्याच्या खांद्यावर आला होता. ज्या पोरीचा पंधरावा वाढदिवस होता ती रडली. तिची आजी घसरलेली फुलं चमच्यानं परत चिकटवत बसली, ते जास्त लागलं.

गेल्याच वर्षी ओतिलियानं मोठ्या बेकरीतली नोकरी मालकाच्या तोंडावर सोडली होती. तुझ्या हाताला चव आहे पण डोक्यात राख आहे, चार महिन्यांत परत येशील, असं तो म्हणाला होता. ती गेली नव्हती, घरीच केक करून विकत होती. पण आता चर्चच्या आवारात बाया कुजबुजू लागल्या आणि हातात एकच मोठं काम उरलं. शनिवारचं लग्न, दोन्या बेर्ताच्या, म्हणजे बेर्ताबाईंच्या मुलीचं. बेर्ताबाई चर्चमध्ये गाणं शिकवायच्या. लग्नाच्या वयाच्या मुलींच्या निम्म्या आया त्या दिवशी तिथे जेवणार. हाही केक बसला, तर त्या बेकरीच्या दारात जाऊन उभं राहायचं. ते मनात आलं तरी तिचे कान तापत.

म्हणून नाक मुठीत धरून ती एफ्रेनच्या मामाच्या गॅरेजमध्ये गेली.

"जुना गॅस भरा आणि मोकळं करा मला," ती म्हणाली.

जुना गॅस आता बनतच नाही, एफ्रेन म्हणाला. त्यानं आभाळाच्या छत्रीला, ओझोनला, भोक पडतं, म्हणून सरकारनं बंद केला. उरलासुरला सोन्याच्या भावानं जातो. काही लोक सीमेपलीकडून, मेक्सिकोतल्या नोगालेसहून चोरून डबे आणतात, पण त्यात काय भरलेलं असतं ते देव जाणे. नवा गॅस घालायचा तर आधी गाडी त्याच्याजोगी करावी लागेल.

"म्हणजे आभाळाला भोक मी पाडलं? केक पोचवता पोचवता?"

"तुम्ही एकटीनं नाही. तुमचा आवाजही मदतीला असेल."

मामा बॉनेटखाली तोंड घालून हसला. ओतिलियाच्या अंगाचा तिळपापड झाला. बंदी घालणाऱ्यांनी तिला विचारलं नव्हतं. गाडी जुनी आहे, विकून टाक, असं जो तो सल्ला द्यायचा, त्यांनीही विचारलं नव्हतं. तिनं हे सगळं एफ्रेनला एका दमात ऐकवलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, मग पाण्याचा गार ग्लास तिच्या हातात दिला आणि म्हणाला, शुक्रवारी या.

ती रोज गेली. काम बघायला, असं ती म्हणायची. त्यानं जुनं तेल धुऊन काढलं, कारण ते नव्या गॅसबरोबर चालत नाही. रबराच्या कड्या बदलल्या, गॅस भरायची तोंडं बदलली. प्रत्येक गोष्टीत तिनं खोट काढली आणि प्रत्येक वेळी त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं... जरा जास्तच वेळ. एकदा तिनं आणलेला दालचिनीचा पाव खाताना तो बोलायचाच थांबला. तेव्हा तिला उगाच त्याच्या मनगटावरचा तेलाचा डाग पुसावासा वाटला आणि त्या वाटण्याचाही राग आला.

शुक्रवारी संध्याकाळी मोकळ्या रस्त्यावर गाडीनं असा गार वारा दिला की तिनं ओढणी गळ्याभोवती गुंडाळली. चांगलं आहे, एवढंच ती म्हणाली. तो मात्र गॅरेज बंद होईपर्यंत हसत राहिला, असं मामानं नंतर सांगितलं.

शनिवारी दुपारी केक गाडीत चढवला, दार लावलं, एसी सुरू केला. गाडी गल्लीतून रांगत निघाली आणि जाळीतून कोमट वारा आला. मग गरम. मोठ्या रस्त्यावर वेग घेतला की गार, सिग्नलला थांबलं की पुन्हा भट्टी. ओतिलियानं गाडी तशीच गॅरेजमध्ये घुसवली.

"खोटारडे आहात तुम्ही," ती उतरता उतरता म्हणाली. "काल तेवढा गार वारा दाखवून फसवलंत?"

एफ्रेननं नळ्यांना मापक लावून काटा पाहिला. त्याचा चेहरा पडला. आत दाब फार झालाय, थोडा गॅस काढावा लागेल, तो पुटपुटला. मग काढा, ती म्हणाली. पण काढायचं मशीन दुसऱ्या गाडीला लावलेलं होतं, मोकळं व्हायला तास तरी लागणार होता. हवेत सोडून द्या चार फुसकारे, ती ओरडली. तो म्हणाला, ते करणार नाही, हवेत सोडायला बंदी आहे, आणि बंदी नसती तरी सोडला नसता. तिनं त्याला काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यानं कोपऱ्यातला झाडांवर मारायचा पाण्याचा पंप उचलला, भरला आणि तिच्या शेजारच्या सीटवर येऊन बसला.

"चला. थांबाल तिथे मी उतरेन."

पहिल्या सिग्नलला तो उतरला आणि गाडीच्या तोंडावरच्या जाळीवर, जिच्यामागे तापलेला गॅस निवतो, पाणी मारू लागला. आत वारा गार झाला. दुसऱ्या सिग्नलला पुन्हा. मागचे लोक हॉर्न वाजवत, फुटपाथवरची पोरं टाळ्या वाजवत, आणि हा गृहस्थ फुलझाडाला घालावं तसं गाडीला पाणी घालतोय. ओतिलियाला लाजेनं मेल्यासारखं झालं. पण केक ताठ होता.

मग रेल्वेचं फाटक पडलं. मालगाडी आली आणि संपेचना. एफ्रेन समोर उभा, एका हातानं दांडा ओढतोय, दुसऱ्या हातानं फवारतोय. वाऱ्यानं निम्मं पाणी त्याच्याच अंगावर. शर्ट चिकटला होता, केस कपाळावर आले होते, आणि तो काचेतून केककडे बघत होता, काळजीनं, आजारी माणसाकडे बघावं तसं. ओतिलियानं काच खाली केली.

"दाब एवढा कसा झाला? खरं सांगा."

तो पाणी मारत राहिला. "नवा गॅस जुन्यापेक्षा कमीच भरायचा असतो. गिऱ्हाइकांना रोज सांगतो मी हे... तुमच्या गाडीत मी जास्त भरला."

"का?"

"तुम्हाला जास्त गार लागावं म्हणून."

मालगाडीचे डबे धडधडत होते. ओतिलिया दार उघडून खाली उतरली.

"जास्त?" ती म्हणाली. "माझं नाव जाणार होतं आज. मला त्या बेकरीत परत जावं लागलं असतं, तुझ्या त्या जास्तीपायी. सगळे माझं भलं करायला निघतात आणि मला कुणी विचारत नाही. तू तरी विचारायचंस."

"काय विचारणार होतो... शुक्रवारी गार वाऱ्यात तू ओढणी गुंडाळलीस, तेव्हा मला वाटलं, जमलं. मूर्ख आहे मी." त्यानं ओल्या बाहीनं तोंड पुसलं. "काम माझं चोख असतं, ओतिलिया. तू बघत उभी असलीस की नसतं."

तिला आणखी बोलायचं होतं. तिनं तोंड उघडलंही. पण फाटक वर गेलं, मागून हॉर्न सुरू झाले आणि दोघांना गाडीत बसावं लागलं.

केक उभाच्या उभा पोचला. बेर्ताबाईंनी भोवती फिरून पाहिला, एका फुलाला बोट लावलं आणि सगळ्या आयांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं की धाकटीच्या लग्नासाठी ओतिलिया मोकळी आहे ना. ओतिलियानं मान डोलावली.

बाहेर एफ्रेन गाडीला टेकून उभा होता, उन्हात वाळत. सोमवारी गाडी आण, तो म्हणाला, जास्तीचा गॅस काढतो, मग सिग्नलला उतरायला कुणी लागणार नाही. हे त्यानं जमिनीकडे बघत सांगितलं.

ओतिलिया त्याच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. राग अजून होता, भरपूर होता, आणि आता तिला कळत होतं की तो एवढा का आहे. परक्या माणसावर कुणी एवढं रागावत नाही.

"गॅस काढायचा," ती म्हणाली. "तरीही पुढच्या शनिवारी बरोबर यायचं. पाण्याशिवाय."

"का?"

"कारण मला तू आवडतोस. आणि माझा अजिबात इलाज चालत नाहीये त्याच्यावर, म्हणून चिडलेय."

तो हसला नाही. त्यानं हात पुढे केला, मग मध्येच थांबवला.

"ओतिलिया... एक विचारू?"

"बघ, आता विचारतोयस," ती म्हणाली, आणि प्रश्न ऐकायच्या आधीच तिनं त्याचा ओला शर्ट मुठीत धरून त्याला जवळ ओढलं.