दीड कोयता

विमलबाईचं कुणीच खरं मानलं नाही. लेकानं मानलं नाही, सुनेनं मानलं नाही, गल्लीतल्या बायांनी तर तोंडाला पदर लावून हसून घेतलं. अंदमानाहून आपल्या गावी, युसूफ वडगावला, परत आल्यापासून ती रोज तेच सांगत होती आणि रोज तिला तेच ऐकून घ्यावं लागत होतं.

“आई, आपण बौद्ध. भूतबित आपण मानत नाही,” नवनाथ म्हणायचा.

“भूत म्हणले का मी? मुकादम म्हणले.”

“मेलेला मुकादम म्हणजे भूतच ना?”

“भुताला कोण भितंय? भूत काय करंल, फार तर दिसंल. मुकादम हजेरी लावतो.”

“बरं, नाव तरी सांग त्याचं.”

नाव मात्र ती घेत नव्हती. नाव घेतलं की त्याला हाक मारल्यासारखं होतं, एवढंच म्हणायची. मग नवनाथ कपाळाला हात लावायचा, आणि सून आम्रपाली ब्लड प्रेशरचं यंत्र घेऊन यायची. त्या यंत्राचा विमलबाईला असा संताप यायचा की त्यानंच तिचं प्रेशर वाढत असावं.

तर झालं होतं असं.

नवनाथ पोस्टात नोकरीला. सरकार फिरायला जायचं भाडं देतं म्हणून त्यानं दिवाळीच्या सुट्टीत अंदमान ठरवलं. आम्रपाली दवाखान्यात नर्स, तिनं भांडून रजा मिळवली. नात मैत्री पाच वर्षांची, इंग्रजी शाळेत जाणारी, ‘मला पाणी हवंय’ असं पुस्तकातल्यासारखं बोलणारी. आईला आयुष्यात एकदा समुद्र दाखवायचा, असं नवनाथचं म्हणणं. विमलबाईनं समुद्र कधी मागितला नव्हता.

समुद्र बघून तिनं ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं. “एवढं पाणी, आन् घोटभर कामाचं न्हाई. आमच्या टँकरचं गढूळ का आसंना, पिता तरी येतं.”

“आई, पाणी प्यायला नाही, बघायला आलोय,” आम्रपाली म्हणाली. “जरा हसा. गॉगल लावा. फोटो काढते.”

“आंधळी झाल्यावर लावीन.”

वाळू पिठासारखी पांढरी होती. पाणी खाली निळं, वर हिरवं. काचेच्या बुडाच्या नावेतून दगडासारखी झाडं आणि झाडासारखे मासे दाखवले. मैत्री टाळ्या पिटत होती. विमलबाई हॉटेलातल्या नारळ घातलेल्या माशाला कंटाळून पिशवीतली कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खात होती. एका संध्याकाळी तिनं सहज विचारलं, “ह्यो समुद्र कोणचा?”

“बंगालचा उपसागर.”

“आन् आपली कृष्णा कुठं जाती? ज्या कृष्णाकाठी आमी ऊस तोडायला जात होतो, ती?”

नवनाथ मोबाईलमधून मान वर न करता म्हणाला, “बंगालच्याच उपसागराला. का गं?”

विमलबाईनं भाकरीचा तुकडा पिशवीत परत ठेवला.

दुसऱ्या दिवशी चुनखडीची गुहा बघायला निघाले. धक्क्यावर ऊन मी म्हणत होतं. वारा बंद. नवनाथ तिकिटाच्या रांगेत, आम्रपाली चिखलातल्या खेकड्यांचा व्हिडिओ काढण्यात. विमलबाई मैत्रीचं बोट धरून पत्र्याच्या सावलीत उभी राहिली. समोरच्या पाण्यातून झाडं वर आली होती, मुळ्यांचे पाय रोवून, जणू अंगावर चालून येणार. चिखलाचा आंबूस वास होता. आधी तो चिखलाचा वाटला. मग तिच्या ध्यानात आलं, हा वास तिच्या ओळखीचा आहे. साखर कारखान्यामागच्या मळीचा वास.

सावलीच्या टोकाला एक माणूस पाठमोरा उकिडवा बसला होता. डोक्याला पटका. त्यानं मान न वळवता विचारलं, “किती कोयतं?”

“दीड,” विमलबाई म्हणाली.

ढेकर यावी तसं तोंडातून निघून गेलं. वीस वर्षं ऊस तोडलेल्या बाईला हा प्रश्न कुणी झोपेत विचारला तरी उत्तर येणारच. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटं माणूस म्हणजे अर्धा. लेक-सुनेचा एक, विधवेचा अर्धा. आणि टोळी भरणाऱ्या मुकादमाला एकदा आकडा सांगितला की सांगितला, माणूस त्या हंगामाला बांधलं गेलं. म्हणून लेकरूवाल्या बाया आकड्यामागं लगेच म्हणतात, ‘लेकरू बाजूला.’ नाही म्हटलं तर मुकादम लेकरालाही कामात धरतो.

विमलबाई ते म्हणायची विसरली.

एवढ्या लांब, समुद्राच्या मधोमध, आपल्या बोलीत कोयते कोण मोजतंय, हे तिच्या डोक्यात शिरेपर्यंत तो माणूस डाव्या तळहातावर तंबाखू मळू लागला होता. उजव्या हाताच्या बोटाच्या पेरानं मळत होता. उजवा अंगठा नव्हता.

“अर्ध्याला जोड हाय की…” तो हळूच म्हणाला.

त्या आवाजासरशी विमलबाईला तो हंगाम आठवला. नवऱ्याला, जालिंदरला, उसाच्या फडातच साप चावला. दवाखान्यात नेला, तिथंच गेला. माती देऊन आली तर उजवा अंगठा तुटलेला तो मुकादम खोपीच्या दारात उभा. नऊ वर्षांच्या नवनाथकडं बोट करून म्हणाला, आता ह्याला घे जोडीला, अर्धा कोयता मला परवडत न्हाई. ती त्याच पहाटे पोराला काखोटीला मारून एस.टी.नं निघून आली. मागून तो ओरडला होता, “इमल, तुझा अर्धा माझ्याकडं ऱ्हायलाय. कवातरी पुरा करून घीन.” पुढल्या साली ट्रॅक्टरसकट तो कालव्यात गेला. ट्रॅक्टर सापडला. तो सापडला नाही. लोक म्हणाले, कालव्यातून कृष्णेला लागला असंल, कुठं शोधता?

“आई, चल!” नवनाथची हाक आली. तिनं वळून बघितलं आणि परत पुढं बघितलं. सावलीत कुणी नव्हतं. वास होता.

“इथं मुकादम हुता,” ती म्हणाली.

“इथं बोटवाले असतात आई. चल, जॅकेट घाल.”

नारिंगी जॅकेटं घालून नाव झाडांच्या बोळात शिरली. वर फांद्यांचं छत, खाली काळं पाणी. इंजिनाच्या आवाजाखाली दुसरा एक आवाज होता. खच्… खच्… मग थोडं थांबून, खच्… फडात सकाळी शंभर हात एकदम चालतात तेव्हा असा आवाज येतो. इथं एकाच हाताचा येत होता.

“भय्या, कौन काटता है?” तिनं आपल्या हिंदीत विचारलं.

बोटवाल्यानं कान दिला. “कुछ नहीं अम्मा. केकड़ा होगा. इधर काटना मना है.”

“केकडा कोयता चलाता है क्या?”

नवनाथ ओशाळून बोटवाल्याकडं बघत हसला. “आई, गप बस ना. लोक काय म्हणतील.”

लोक काय म्हणतील म्हणून ती गप्प बसली. ह्याच गोष्टीचा तिला पुढं सगळ्यात जास्त राग आला.

गुहा आतून गार आणि ओली होती. वरून दगडाची झुंबरं लोंबत होती, पाणी टपकत होतं. गाईड बॅटरी मारून दाखवत होता, हा हत्ती, हे कमळ. शेवटी म्हणाला, अब ज़रा असली अंधेरा देखिए. सगळ्यांनी बॅटऱ्या, मोबाईल विझवले.

असा अंधार विमलबाईनं पाहिला नव्हता. डोळा उघडा काय, मिटलेला काय, सारखंच. टप्… टप्… पाणी. मळीचा वास अगदी नाकाशी आला. तिच्या मुठीत मैत्रीची बोटं होती. ती सुटली नाहीत. कुणीतरी सोडवली. करंगळी… मग तिच्या शेजारचं… सावकाश, एकेक, कणसाचे दाणे काढावेत तशी.

“मैत्रे?” ती कुजबुजली.

बॅटरी लागली तेव्हा मैत्री नव्हती.

मग एकच गोंधळ. आम्रपाली किंचाळली, “तुमच्या हातात होती ना, आई!” नवनाथ आम्रपालीवर ओरडला की तुला व्हिडिओशिवाय सुचतं का काही. आम्रपाली गाईडवर, गाईड बोटवाल्यावर. सगळे वाटेनं हाका मारत पळाले. विमलबाई वाटेनं गेली नाही. ती वासामागं गेली.

गुहेच्या मागं उतार होता, खाली केवड्याची झुडपं, पुढं चिखल आणि खाडी. मैत्री चिखलाच्या कडेला मांडी घालून बसली होती. कपाळावर घाम. समोर वाळक्या काटक्यांच्या मोळ्या, फडात लावतात तशा ओळीनं, प्रत्येकीला केवड्याच्या पानाचा पीळ देऊन गाठ मारलेली. पोरीनं जन्मात ऊस रसाच्या ग्लासाबाहेर पाहिला नव्हता.

“आज्जे, थांब,” मैत्री म्हणाली. “आजून येक मोळी ऱ्हायली.”

ही बोली तिची नव्हती. तिच्या गालात काहीतरी फुगलं होतं. विमलबाईनं बोट घालून काढलं. गुळाचा खडा. मुकादम नवीन पोराला पहिल्या दिवशी देतात तसा.

विमलबाईनं तो खाडीत फेकला. मोळ्या लाथेनं उडवल्या, एकूण एक पाण्यात गेल्या. पोरीला छातीशी धरून ती त्या मुळ्यांच्या जंगलावर ओरडली, “तवाबी दिलं न्हाई, आताबी देणार न्हाई! लेकरू बाजूला! ऐकलंस का? लेकरू बाजूला!”

आतली खच्खच् थांबली.

पण उशिरा म्हटलेलं धरलं जातं का, हे तिला कुणी सांगितलं नाही.

नवनाथ धापा टाकत आला तेव्हा दाखवायला काहीच उरलं नव्हतं. मोळ्या तिनंच पाण्यात घातल्या होत्या. “ती चालत बाहेर गेली आई, अंधारात तुला कळलं नाही. एवढंच,” तो म्हणाला. “उगा पोरीला घाबरवू नको.”

पोर घाबरली नव्हतीच. फक्त त्या दिवसापासून तिचा उजवा अंगठा तळहातात दुमडलेला राहू लागला. जेवताना, लिहिताना, झोपेतसुद्धा. आम्रपालीनं आपल्या दवाखान्यात दाखवलं. हाड ठीक, नस ठीक. डॉक्टर म्हणाले, सवय आहे, जाईल.

“सवय?” विमलबाई म्हणाली. “कुणाची?”

आम्रपालीनं प्रेशरचं यंत्र काढलं.

आणि काल दिवस कलताना असं झालं. गावातून टोळ्या निघायचे दिवस. कोपऱ्यावर ट्रॅक्टर उभे, बोचकी चढताहेत, कोंबड्या, शेळ्या, लेकरं. मैत्री अंगणात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या ढिगाशी बसली होती. नवनाथ पोस्टातून आला, गाडी लावली, आणि तिच्याजवळ जाऊन थबकला.

पऱ्हाट्यांच्या मोळ्या ओळीनं लागल्या होत्या. मैत्री अंगठा दुमडून, चार बोटांनी ज्वारीच्या पानाला पीळ देत होती. उलटा. सगळी दुनिया उजवा पीळ देते, ही डावा देत होती.

नवनाथ खाली बसला. त्यानं एक मोळी उचलली आणि गाठ बघत राहिला. बाप गेला त्या हंगामातलं मला काही आठवत नाही, असं तो आजवर म्हणत आला होता.

“कुणी शिकवलं, बाळा?”

“मुकादमानी. पप्पा, तुमालाबी त्यांनीच शिकवलं म्हणं. आज्जी दवाखान्यात हुती तवा.”

विमलबाई दारात होती. तिच्या हातातला तांब्या कलंडला आणि पाणी उंबऱ्यावरून वाहिलं. ही गोष्ट तिला कुणी सांगितली नव्हती.

“नवनाथ… हे खरं हाय?”

तो वर बघेना. “तू बाबांपाशी होतीस. त्यानं मला मोळ्या बांधायला बसवलं, ह्याच उलट्या पिळाच्या. गूळ द्यायचा. म्हणायचा, आईला सांगशील तर तिलाबी साप चावंल.” त्याचा उजवा अंगठा आपोआप तळहातात गेला होता. “आई, तुझं खरं होतं गं…”

कोपऱ्यावर ट्रॅक्टरचा भोंगा वाजला. त्यामागून, गर्दीच्याही पलीकडून, कुणीतरी सावकाश विचारलं, “किती कोयतं?…”

मैत्री पऱ्हाट्या झटकून उभी राहिली. “आले,” म्हणाली.

विमलबाईनं झडप घालून तिला कमरेशी दाबलं. अंगणात मळीचा वास भरला होता. “लेकरू बाजूला,” ती पुटपुटत होती, “लेकरू बाजूला…” तेवढ्यात तिनं नवनाथचे ओठ हलताना पाहिले. “नगंस! नाव घिऊ नगंस त्याचं!”

पण मोळी त्याच्या हातात होती, नजर त्या उलट्या पिळावर होती, आणि इतकी वर्षं दातामागं धरलेलं नाव त्याच्या तोंडून सुटलं.

“धोंडीराम.”