वना चितारी

“वहिनी, बारसं झाल्याबिगर याच्या कानावर कोणाचंच नाव पडू देऊ नको. पोरगं त्याच नावले चिकटस,” नणंद दीपमाला म्हणाली, तेव्हा मेघाने ते हसण्यावारी नेलं. “तुझा आत्याचा मान कोणी पळवत नाही गं. आधी साडी ठरव.”

पुढे घरात सुतक आलं, मग जळगावचा उन्हाळा तापला, बारसं लांबत गेलं. पोरगं बसायला आलं तरी नुसतं ‘बाळ’. मेघालाही घाई नव्हती. तिला कादंबरी संपवायची होती. तापीकाठच्या एका जहागीरदाराच्या पदरचे चितारी, आणि त्यांच्यातला एक खून. हात मोकळे नसत, म्हणून बाळाला पाजता पाजता ती मोबाइलला सांगे आणि मोबाइल लिहून घेई. कूलरची घरघर, वाळ्याचा ओला वास, आणि तिचा हळू आवाज.

त्या दुपारी तिने वनाला मारलं. वना म्हणजे दरबारातला सगळ्यांत कसबी चितारी. कुंचल्याला टोक यावं म्हणून ही मंडळी तो जिभेवर फिरवत. मेघाने त्याच्या पिवळ्या रंगात सोमलाचं विष कालवलं. “वनाने कुंचला जिभेवर टेकवला,” ती सांगत होती. “वनाची जीभ पिवळी पडली. वना...”

बाळ प्यायचं थांबलं. त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ. मग ओठ मिटून घेतले.

त्यानंतर त्याने तिच्याकडून थेंबभर दूध घेतलं नाही. तिचा नवरा भूषण बाटली घेऊन बसला, त्याच्याकडूनही नाही. डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक आहे. बाळाच्या बरगड्या दिसायला लागल्या.

भुसावळहून दीपमाला आली. दूध गरम आहे का बघायला तिने चमचा चाटला, आणि बाळाने तोंड उघडलं.

“चोवीस तास खून ऐकवलेस पोराला,” भूषण म्हणाला. “आता भोग.”

घाईघाईत बारसं उरकलं. दीपमालाने बाळाच्या कानात ‘निहार’ म्हटलं. बाळ ढिम्म. पाळण्याशी उभ्या मेघाच्या तोंडून नकळत ‘वना’ निघालं. बाळाने मान वळवली, तिला पाहिलं, ओठ घट्ट मिटले.

दीपमाला त्याला भुसावळला घेऊन गेली. मेघाची रवानगी माहेरी, असोद्याला. मनावर परिणाम झालाय, असं दोन्ही घरांचं ठरलं होतं.

व्हिडिओ कॉलवर दीपमाला खुशीत होती. “पहिलं मी चाटते, मग पितो. तोवर माझ्या तोंडाकडे टक लावून बघस. राजा शे राजा.”

ती हसली. तिची जीभ पिवळीधमक होती.

“दीपमाला, चाटू नकोस. डॉक्टरकडे जा.”

“कावीळ असेल. आणि चाटलं नाही तर तो उपाशी राहतो वहिनी. तू पाजणार आहेस का?”

मेघाने कादंबरीतलं वनाच्या खुनाचं प्रकरण पुसून टाकलं. मग अख्खी कादंबरी.

पुढच्या फोनला दीपमालाचा आवाज घोगरा होता. त्याच्या पुढच्या फोनला नुसतं हं-हं. तिचा नवरा रेल्वेत, गाडी घेऊन बाहेर. घरात ती आणि बाळ, दोघंच. मेघा निघाली, तर भावाने खोलीला बाहेरून कडी घातली. भूषण फोनवर म्हणाला, “तिथे जाऊन तमाशा नको.”

आज दुपारी फोन उचलला गेला. कोणी बोललं नाही.

पलीकडे वाटीत चमचा फिरत होता. सावकाश.

मग थांबला. कोणाची तरी वाट बघावी तसा.

बाळाला अजून चमचा धरता येत नाही.

दिसेल त्या नंबरवर मेघा हे पाठवतेय, तसं ते तुमच्यापर्यंत आलंय. भुसावळला कोणी असाल तर रेल्वे कॉलनीत जा, पाण्याच्या टाकीमागची शेवटची चाळ. दार वाजवा, दीपमालाला हाक मारा. तिने ओ दिली, तर तिला तोंड उघडायला सांगा.